शेवटची आठ पानं

मिल्वी पिहलाकास पुस्तक लिहिते
आणि त्याची शेवटची आठ पानं मी.
तिथं वाक्य नसतं. शब्द, स्वल्पविराम, आकडे,
आणि मधूनच एक 'पाहा',
म्हणजे इथं काही नाही, तिकडे जा.

पहिल्यांदा आली ती दलदलीवरचं पुस्तक घेऊन.
चार वर्षं बुटांत पाणी वागवत हिंडली होती.
शेवाळाच्या सत्तावीस जाती,
आणि पीट कापणारे दोन भाऊ:
एकमेकांशी बोलत नाहीत,
फावडं मात्र दोघांत एकच.
मी विचारलं, फावडं कशाखाली घालू?
'भांडण'खाली, ती म्हणाली.

मग अकॉर्डियन दुरुस्त करणारे म्हातारे.
मग राईचा शिळा पाव,
कोण टाकतं आणि कुणाच्यानं टाकवत नाही.
मग ईल मासे.
त्यांना समुद्रात अंडी घालताना आजवर कुणी पाहिलेलं नाही,
तरी हिनं तीनशे पानं लिहिली.
तार्तूच्या वर्तमानपत्रात एकानं लिहिलं,
बाईंचं एक काही ठरत नाही,
आज चिखल, उद्या मासा.
त्यानं मागची पानं उघडलेली नसणार.
'वाट पाहणे' प्रत्येक पुस्तकात आहे.
दलदलीत नऊ वेळा.
पावात बावीस.

या हिवाळ्यात टेलिफोनवाल्या बायका आल्या.
मी पेन्सिल घेऊन बसले, शेगडी पेटवली,
एकशे त्रेचाळीसाव्या पानापर्यंत
काम नेहमीसारखंच चाललं होतं.

'हाप्सालूच्या एक्स्चेंजमध्ये तेवीस वर्षं काढलेली एक बाई.
नाव नको म्हणाली.
ऐकलेलं निळ्या वहीत उतरवून
दर शुक्रवारी वरच्या मजल्यावर द्यायची.
काय लिहायचात, मी विचारलं.
हवामान, ती म्हणाली.
माणसं आपल्या आईला फोन करतात
तेव्हा हवामानच बोलतात.
मग तिनं चमचा बशीत पालथा ठेवला
आणि साखरेच्या भांड्यावर बोटानं दोनदा टकटक केलं.'

शेगडी विझली ते मला कळलं नाही.
साखरेच्या भांड्यावर अशी टकटक करणारी
एकच बाई मला माहीत आहे.
लहानपणी मी विचारायचे, आत कोण आहे?
कुणी नाही, म्हणायची, पण विचारून घ्यावं.

आम्हाला सांगितलं होतं, आई पोस्टात आहे.
तिकिटं विकते.
घरी कोरी तिकिटं असायची,
त्यामुळे कुणाला काही वाटलं नाही.

रविवारी तिला फोन केला.
आता तिला ऐकू कमी येतं, मी ओरडून बोलते,
शेजारच्या खोलीतले भाडेकरू सगळं ऐकत असणार.
'तिकडं बर्फ आहे का?' ती.
'वितळतोय.' मी.
'इकडं खाडी अजून घट्ट आहे.
काल एकजण सायकल घेऊन गेला वरून.'
मग ती थांबली. मी थांबले.
तारेत एक बारीक खरखर असते,
ती दोघींनी ऐकली.
किंवा मी एकटीनंच.

नाव नसलेल्या माणसाची नोंद करता येत नाही,
हा नियम मीच केलेला,
आणि तीस वर्षं पाळलेला.
'एक बाई' असं कुठल्या अक्षराखाली घालतात?
रात्री दोन वाजता मी लिहिलं:
हवामान, १४३.

मिल्वीचा फोन आला, मुद्रितं बघून.
'उर्वे, हे हवामानाचं पुस्तक नाही.'
'माहीत आहे.'
'मग?'
'राहू दे.'
ती बराच वेळ गप्प होती.
मुलाखती घेऊन घेऊन असं गप्प राहता येत असेल,
समोरच्याला पुढं बोलावं लागतं असं.
मी बोलले नाही.
कुणाकडून आलंय हे माझ्यात, मला आता माहीत आहे.

'बरं, राहू दे,' शेवटी ती म्हणाली.
पुढचं दगडफुलांवर आहे.
कबरींवर उगवतात ती,
वर्षाला एक मिलिमीटरसुद्धा नाही.
जूनमध्ये तुला वेळ आहे ना?